मिठाची जीभ

"यंदाच्या लसणाला वासच नाही मेल्याला. नुसतं पाणी भरलंय."

सासूबाई हे माझ्या कानाशी पुटपुटल्या. मुद्दाम कानाशी नव्हे. चुलीलगतच्या बाकावर आम्ही तिघं इतकी दाटीवाटीनं बसलो होतो, की कोणी कुठेही तोंड करून बोललं तरी ते शेजारच्याच्या कानातच जायचं. मधे सासूबाई, डावीकडे मी, उजवीकडे माझा नवरा बेरार्दो. समोर स्टुलावर साबातिनो, संत्र्याची साल किसत. चुलीची ऊब जेमतेम एवढ्याच जागेला पुरत होती. बाकीच्या घरात तोंडातून वाफ निघत होती.

बाहेर जायची सोय नव्हती. काल सकाळी डुक्कर कापलं, दुपारी बर्फ सुरू झाला आणि संध्याकाळी पुलावरच्या वळणावर बर्फाचा अख्खा कडा रस्त्यात येऊन बसला. आमच्या कोल्लेस्पिनो गावाला तो एकच रस्ता. तो बंद झाला की माणसानं घरात बसावं आणि एकमेकांची तोंडं बघावी. बर्फ काढणारी गाडी सोमवारशिवाय येत नाही, असा निरोप होता. आज शनिवार. कापलेलं डुक्कर काही सोमवारची वाट बघत नाही. हॅमच्या मांड्या मिठात पडल्या होत्या, त्यांची काळजी नव्हती. कलेजीला मात्र दम नसतो. ती आजच्या आज आतड्यात भरून आढ्याला टांगली गेली पाहिजे.

"मग लसूण वाढवा ना, मा," मी म्हटलं.

"वाढवतेच आहे. एक्याऐंशी वर्षांची झाले, आता तूच शिकव मला लसूण."

साबातिनो हसला. गावातली सगळी डुकरं तोच कापतो, आणि आमच्या मुलीचा धर्मपिता असल्यामुळे आम्ही त्याला कुंपा म्हणतो. काल उरलेली आतडी धुवायला म्हणून आला, आणि बर्फानं त्याला आमच्याकडेच ठेवून घेतलं. त्याचं घर चाळीस पावलांवर आहे. पण तिथे त्याची बायको आहे, त्यामुळे ही चाळीस पावलं त्याला काही केल्या तुडवता येईनात.

परातीत कलेजी, हृदय, फुप्फुस आणि गालाची चरबी, सगळं बारीक होऊन पडलं होतं. गडद, ओलं, चकाकणारं. सासूबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात. त्या मळत होत्या आणि मी त्यांच्या हातांकडे न बघता लसूण सोलत होते. बेरार्दो काहीच करत नव्हता. त्याचं काम शेवटी होतं.

त्या शेवटाकडे मी बुधवारपासून बघत होते.

बुधवारी डॉक्टर काप्रारा बाईंचा फोन आला. त्या खालच्या शहरात असतात, मूत्रपिंडवाल्यांच्या डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी बेरार्दोची दोन्ही मूत्रपिंडं बसली, तेव्हा माझं डावं काढून त्याला लावलं ते त्यांच्याच देखरेखीखाली. ते त्याच्या अंगात टिकावं म्हणून तो रोज गोळ्या घेतो. शरीराचा राखणदार झोपवून ठेवायच्या गोळ्या. राखणदार पुरता जागा झाला, तर परक्या तुकड्याला हाकलून देईल. म्हणजे मला.

गेले सहा महिने बेरार्दोच्या लिव्हरचे आकडे चढत होते. अंगात ताकद नाही, जेवण नको, गवताचा भारा उचलला की बसून राहायचा. आधी इस्पितळात सगळ्यांना वाटलं, पीत असणार. आमच्या घरात चोवीस वर्षांत दारूचा थेंब आलेला नाही. मग वाटलं, गोळ्यांमुळे. गोळ्या बदलल्या. मग गावानं निदान केलं की दोष माझ्या मूत्रपिंडाचा. बाईचा अवयव, पुरुषाच्या अंगात कसा नांदणार? सासूबाई असं कधी म्हणाल्या नाहीत. त्या फक्त मारीयामातेपुढे मेणबत्ती लावताना 'आणि त्या बाहेरच्या तुकड्याला सुबुद्धी दे' एवढंच म्हणायच्या, मला ऐकू येईल अशा बेतानं.

मी एकदा बेरार्दोला विचारलंही, "तुला काय वाटतं रे, माझ्यामुळे होतंय?"

"तुझ्यामुळे मला रात्री तीनदा उठावं लागतं," तो म्हणाला होता. "अगदी तुझ्यासारखंच आहे ते. झोपू देत नाही."

तर बुधवारी फोनवर बाई म्हणाल्या, "सापडलं, बेरार्दो. हेपाटायटिस ई. विषाणू आहे."

फोन टेबलावर ठेवला होता, आवाज मोठा करून. सासूबाई शेजारच्या खोलीत इस्त्री करत होत्या, दार उघडं होतं.

"आम्हीसुद्धा नवीनच शिकतोय हे," बाई म्हणाल्या. "काही वर्षांपूर्वीपर्यंत, माणूस लांबच्या देशातून आला असेल तरच आम्ही हे तपासायचो. आता कळतंय की तो इथेच आहे, आपल्या डुकरांत. डुकराला काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. धडधाकट माणसालाही बहुतेक वेळा कळत नाही, आला आणि गेला. पण तुमच्या गोळ्यांमुळे तुमच्यात तो मुक्कामाला राहिलाय. असाच राहिला तर दोन-चार वर्षांत लिव्हर दगड होईल."

"मग?" मी विचारलं.

"आधी गोळ्या कमी करू. शरीर थोडं जागं होईल आणि त्याला बाहेर काढेल. मात्र फार जागं झालं तर..." त्या थांबल्या. त्यांना माहीत होतं मी ऐकतेय. "तोल सांभाळायचा आहे, लोरेता. नाहीच जमलं तर एक औषध आहे. पण हे सगळं करायचं आणि तो परत आत जाणार असेल, तर मी कोणता तोल सांभाळू? म्हणून विचारते. नीट शिजवलं की तो मरतो. तुम्ही कच्चं काही खाता का? वाळवलेले कलेजीचे सॉसेज वगैरे?"

"नाही, डॉक्टर," बेरार्दो म्हणाला. "तीन वर्षांत तोंडाला लावलं नाही. घरचं हॅमसुद्धा नाही. सॉसेज मी कोळसा होईपर्यंत तळून खातो, विचारा हवं तर बायकोला."

आणि तो खोटं बोलत नव्हता. हेच तर सगळ्यात वाईट.

आमच्याकडे चव बघणं हे खाण्यात धरत नाहीत. माझ्या आईच्या काळात चर्चमध्ये मिसेला जायच्या आधी तोंडात काही घालायचं नसे, तरी रविवारचा रस्सा ढवळणाऱ्या बाया त्यात बोट बुडवून चाटायच्या आणि उपाशीच म्हणवून घ्यायच्या. पाद्रीबाबांनाही ते मान्य होतं. रांधणाऱ्याची जीभ हे भांडं आहे, तोंड नव्हे.

आणि कलेजीचं मीठ ही साधी चव नव्हे. कमी पडलं तर फेब्रुवारीत सगळी माळ हिरवी पडते, जास्त झालं तर कुत्रंही खात नाही. तराजू वापरणाऱ्याला इथे हसतात. दर डुकराची कलेजी वेगळं मीठ पिते, असं म्हणतात. म्हणून प्रत्येक घरात एक मिठाची जीभ असते. ती घरच्या रक्तातली लागते. बापाकडून मुलाकडे जाते. आमच्या घरात ती माझ्या सासऱ्यांची, गाएतानोंची होती. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून बेरार्दोची. दर जानेवारीत सासूबाई लाकडी चमच्यानं परातीतला गोळा उचलतात, त्याच्या तोंडात घालतात. मग मीठ, मग परत चमचा. चार, पाच, कधी सात वेळा. शेवटी तो डोळे मिटून "झालं" म्हणतो आणि मग सगळ्यांचे श्वास सुटतात.

डॉक्टरांचा फोन बंद झाल्यावर आम्ही दोघं टेबलाशी बसून राहिलो. आतल्या खोलीत इस्त्री थांबली होती. मला वाटलं, आता तो चमच्याचं नाव काढेल. तो उठून शेळ्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी साबातिनो डुकराचा बेत ठरवायला आला. बेरार्दोनं त्याला चाकूला धार लावता लावता सहज विचारलं, "कुंपा, बाबा गेला त्या वर्षी आपण डुक्कर कधी कापलं होतं रे?"

साबातिनोला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, डुकरांच्या आठवतात. "संत अंतोनीच्या तिसऱ्या दिवशी. एक कान फाटलेली होती ती. एकशे नव्वद किलो. का रे?"

"असंच."

मी सिंकपाशी होते. बेरार्दोची बोटं पायजम्यावर हळूहळू मोजत होती. जानेवारीच्या मध्याला संत अंतोनीचा सण, आणि मग पाचेक आठवड्यांनी राखेचा बुधवार, ईस्टरच्या उपासांचा पहिला दिवस. राखेच्या बुधवारी सासऱ्यांच्या कपाळावर पाद्रीबाबांनी राख लावली, तेव्हा त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे आहेत हे सगळ्या चर्चनं पाहिलं होतं. ईस्टरच्या आत ते गेले. लिव्हर आधीच थोडं कुरकुरत होतं त्यांचं. गावानं म्हटलं, दारू. पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव न घेता म्हटलं, दारू. दफनाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पिंप कुऱ्हाडीनं फोडलं, द्राक्षमळा पुतण्याला देऊन टाकला आणि नवऱ्याचा फोटो स्वयंपाकघरातल्या फळीवर कॉफीच्या डब्यामागे ठेवला. चोवीस वर्षं त्या डब्याआडून सासऱ्यांचा एक कान आणि टोपी तेवढी दिसते. "मला सांगायचा, जेवताना एकच पेला घेतो," त्या म्हणतात. "एका पेल्यानं कोणी मरतं का? लबाड."

म्हणून बेरार्दो गप्प होता. म्हणून मीही गप्प होते. चमच्यातून आलंय म्हटलं, की ते चोवीस वर्षं मागे जाणार आणि त्या म्हातारीच्या मांडीवर जाऊन बसणार.

तर आता शनिवार होता, आणि परात तयार होत आली होती.

"मिरची," सासूबाई म्हणाल्या. मी मिरची दिली. "साल." साबातिनोनं साल दिली. "मीठ." मिठाची वाटी मी जरा धरून ठेवली.

"मा, यंदा थोडं तव्यावर परतून बघूया का? चव कळेलच की."

"तव्यावर मीठ खोटं बोलतं."

"शहरात असंच करतात म्हणे."

"शहरात दूध पुठ्ठ्यातून निघतं," साबातिनो म्हणाला. "काय वहिनी, आज तुझं डोकं गारठलंय का?"

"मग तू चाख ना, कुंपा. तुला काय धाड भरलीय?"

"मी? पन्नास वर्षं सिगारेट ओढतोय. मला मीठ आणि साखर यात रंगानंही फरक कळत नाही."

"तुम्हीच बघा मग, मा."

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून, की त्यांच्या हनुवटीवरचे तीन केस मला मोजता आले. "माझी जीभ चार वर्षांपूर्वीच गेली. मला लसणाचा वास येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं नाही होय?"

म्हणजे लसूण ठीकच होता. मला एकदम त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्यांचे हात परातीत होते आणि माझे कुठे ठेवावेत कळत नव्हतं. मी वाटी सोडली. त्यांनी मूठभर मीठ टाकलं, मळलं, आणखी अर्धी मूठ टाकली. बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर सुटून धप्पकन पडला आणि खिडकी अर्धी झाकली गेली. खोलीत एकदम अंधारल्यासारखं झालं.

"बेरा," सासूबाई म्हणाल्या.

बेरार्दो जागचा हलला नाही. तो चुलीतल्या विस्तवाकडे बघत होता. मी त्याच्याकडे सासूबाईंच्या डोक्यावरून बघितलं. वर बघ. बघ ना माझ्याकडे.

"बेरा, वाढून ठेवलंय म्हातारीनं," साबातिनो म्हणाला.

"मला आज बरं नाही, मा."

"बरं नाहीच आहे तुला. म्हणून तर. हे टांगलं, वाळलं, की अंगात रक्त भरेल. त्या शहरातल्या गोळ्यांनी भरलंय का? आण तोंड."

चमचा वर आला. पन्नाशी उलटलेला माझा नवरा, शंभर शिंगाळ्या बैलांना न भिणारा, त्यानं आईकडे वळून तोंड अर्धं उघडलं. पक्ष्याचं पिल्लू जसं उघडतं तसं. त्याच्या डोळ्यांत मी एवढंच पाहिलं, की त्याला सगळं माहीत आहे. त्याला माहीत होतं आणि तरी तो खाणार होता. आईला सांगण्यापेक्षा त्याला ते गिळणं सोपं होतं. त्याच्याबरोबर मीही जाणार होते, माझा तो डावा तुकडा. त्याचं मत कोणी विचारलं नव्हतं.

मी हात लांब करून सासूबाईंच्या हातातून चमचा काढून घेतला.

"अगं ए!"

"मी बघते मीठ."

"तू?" साबातिनो म्हणाला. "वहिनी, तू खालच्या गावची. तुमच्याकडे तर मध घालतात कलेजीत."

"तीस वर्षं झाली या घरात येऊन."

"तीस वर्षांनी रक्त बदलतं का?" सासूबाई म्हणाल्या. रागानं नाही, खरोखरच विचारल्यासारखं. "दे इकडे. घरची जीभ लागते, लोरेता."

"माझं मूत्रपिंड चालतं या घरात, मा. जीभही चालवून घ्या."

आणि मी चमचा ओठांना लावला. थंड होता. लोखंडाचा आणि संत्र्याचा वास आला. मी तोंड उघडलं.

बेरार्दोचा हात असा आला, की आधी मला वाटलं बर्फ घरात घुसला. चमचा उडून चुलीच्या दगडावर आपटला, गोळा विस्तवात पडला आणि चर्र करून जळायला लागला. माझा ओठ दुखावला होता. तो उभा होता, आईच्या अंगावरून माझं मनगट धरून.

"खाऊ नकोस!" तो ओरडला. "वेडी आहेस का? एकच उरलंय तुला!"

साबातिनोच्या हातातली किसणी तशीच राहिली. जळक्या कलेजीचा वास मात्र छान येत होता, भूक लागेल असा. मला लाज वाटली.

"काय खाऊ नको?" सासूबाईंनी खालच्या आवाजात विचारलं. त्यांचे हात अजून परातीत होते. "बेरा. काय आहे यात?"

"काही नाही, मा."

"मग ती का नको खाऊ?"

तो खाली बसला. गुडघ्यावर कोपरं, चेहरा हातांत. बोटांमधून बोलला.

"यातूनच झालंय मला. डॉक्टर विचारत होत्या, कच्चं खाता का. मी नाही म्हणालो. मी खातो, मा. तुझ्या हातून, दर जानेवारीत. चव बघणं म्हणजे खाणंच असतं."

"चोवीस वर्षं बघतोस. तेव्हा नाही काही झालं."

"तेव्हा गोळ्या नव्हत्या. धडधाकट होतो. आला असेल, गेला असेल. ज्याचं लिव्हर आधीच..." तो थांबला.

ते वाक्य त्यानं तिथंच सोडलं. मला वाटलं, ते तसंच निसटून जाईल. साबातिनो एकदम उठला, म्हणाला, "मी जरा आतडी बघून येतो," आणि दारापर्यंत गेला. दार उघडलं तर समोर कमरेइतका बर्फ. त्यानं दार लावलं आणि तिथंच दाराला पाठ टेकून उभा राहिला.

सासूबाईंनी परातीतून हात बाहेर काढले. एकेक बोट परातीच्या कडेला निपटलं, काही वाया जाऊ नये म्हणून. मग विचारलं, "म्हणून विचारत होतास तू परवा साबातिनोला? त्या वर्षी डुक्कर कधी कापलं ते?"

बेरार्दोनं मान आणखी खाली घातली.

त्या उठल्या. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला. फळीपर्यंत चार पावलं, ती त्यांनी टेबलाला धरून टाकली. कॉफीचा डबा उचलला. डब्यावर त्यांच्या बोटांचे तांबडे ठसे उमटले. मागे फोटोत सासरे टोपी घालून हसत होते. खूप तरुण वाटले, बेरार्दोपेक्षाही लहान. त्यांचा तो पडलेला दात मी चोवीस वर्षांत पाहिला नव्हता.

सासूबाई डबा पोटाशी धरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"एकच पेला घेत होता तो," त्या म्हणाल्या. "तुझा बाप दारूनं नाही मेला, बेरा. माझ्या हातानं मेला."